म्युनिकचा चिनी मनोरा: जाण्याआधी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

म्युनिकच्या इंग्लिश गार्डन या प्रचंड उद्यानात चेस्टनटच्या झाडांमध्ये पाच छपरांचा एक लाकडी मनोरा उभा आहे. त्याचं जर्मन नाव किनेझिशर टुर्म, म्हणजे चिनी मनोरा. शहर बघायला आलेले बरेच जण बसमधून उतरतात, फोटो काढतात आणि दहा मिनिटांत परत निघतात. मनोऱ्याभोवती सात हजार माणसं बसतील एवढं बिअर गार्डन आहे आणि या जागेचा खरा जीव तिथेच आहे. म्हणून खालचे बरेच प्रश्न बसण्याचे आणि खाण्यापिण्याचे आहेत. दोन-तीन तास हाताशी ठेवूनच या.

हे बौद्ध मंदिर आहे का? चपला बाहेर काढायच्या का?

नाही. आपल्याकडे पॅगोडा म्हटलं की मुंबईजवळचा गोराईचा विपश्यना पॅगोडा आठवतो, म्हणून हा प्रश्न येतो. म्युनिकच्या मनोऱ्यात मूर्ती नाही, अवशेष नाहीत, पूजा किंवा ध्यान होत नाही. बागेची शोभा वाढवायला बांधलेली ही इमारत आहे. चपला घालूनच या. जमिनीवर खडी आहे, त्यामुळे उंच टाचांच्या सँडल मात्र नकोत.

जर्मनीत, तेही ‘इंग्लिश’ बागेत, चिनी मनोरा आला कुठून?

अठराव्या शतकात युरोपातल्या राजेरजवाड्यांना चिनी वस्तूंचं वेड लागलं होतं. चिनी मातीची भांडी आणि रेशीम झाल्यावर पाळी आली बागेतल्या इमारतींची. इंग्लंडमध्ये विल्यम चेंबर्स नावाचा वास्तुकार होता. तरुणपणी तो स्वीडिश ईस्ट इंडिया कंपनीच्या जहाजांवरून चीनमधल्या कँटन बंदराला जाऊन आलेला होता. त्याने लंडनच्या क्यू गार्डन्समध्ये १७६२ साली दहा मजली विटांचा पॅगोडा उभा केला. म्युनिकच्या मनोऱ्याला हाच नमुना होता.

इकडे बव्हेरियात, म्हणजे म्युनिक ज्याची राजधानी त्या राज्यात, इलेक्टर (तिथला राज्यकर्ता) कार्ल थिओडोरने १३ ऑगस्ट १७८९ रोजी या बागेचा हुकूम काढला. कल्पना होती बेंजामिन थॉम्पसनची. हा जन्माने अमेरिकन, बव्हेरियाच्या सैन्यात सुधारणा करायला आलेला, पुढे काउंट रमफर्ड म्हणून ओळखला गेला. उष्णतेवरच्या प्रयोगांमुळे भौतिकशास्त्राच्या विद्यार्थ्यांना हे नाव माहीत असेल. फ्रान्समध्ये राज्यक्रांतीत बास्तीय किल्ला पडून जेमतेम महिना झाला होता, आणि इथे राज्यकर्ता सगळ्या प्रजेसाठी बाग काढत होता. आखणी ‘इंग्लिश’ पद्धतीची, म्हणजे कात्रीने कापलेल्या सरळ रांगांऐवजी कुरणं, वळणारे ओढे आणि मोकळी झाडी. अशा बागेत मधूनच एखादी परदेशी धाटणीची इमारत दिसावी असा तेव्हाचा रिवाज होता. त्यानुसार १७८९-९० मध्ये योसेफ फ्राय या लष्करी वास्तुकाराच्या आराखड्यावरून हा मनोरा झाला.

आज दिसतो तो मूळचाच मनोरा का?

नाही. मूळ मनोरा १३ जुलै १९४४ रोजी बॉम्बहल्ल्यात जळून गेला. लाकडी असल्याने काही उरलं नाही. १९५१ मध्ये पुनर्बांधणीसाठी नागरिकांची संस्था निघाली, आणि जुने फोटो व रेखाचित्रं समोर ठेवून सप्टेंबर १९५२ पर्यंत तो पुन्हा जसाच्या तसा उभा राहिला. युद्धानंतर सात वर्षांनी, अर्धं शहर पडलेलं असताना, लोकांनी राहत्या घरांच्या बरोबरीने हा मनोराही हवा म्हणून धरला. त्याच्याकडे बघताना हे ध्यानात ठेवण्यासारखं आहे.

उंची किती? काय बघावं?

उंची २५ मीटर. तळाचा घेर मोठा, सुमारे १९ मीटर व्यासाचा, आणि वर जाताना प्रत्येक मजला आत सरकत सरकत शेंड्याला सुमारे ६ मीटरवर येतो. छपरांवर पातळ लाकडी कौलं आहेत, ती जवळ जाऊन बघा. छपरांच्या कोपऱ्यांना सोनेरी घंटा टांगल्या आहेत. खालच्या मजल्याला भिंती नाहीत, नुसते खांब. आत उभं राहून वर पाहिलं की लाकडाचा सांगाडा कसा जोडलाय ते समजतं.

वर चढता येतं का?

नाही. पहिल्या मजल्यावर वाद्यवृंद बसतो, बाकी जिना लोकांसाठी बंद असतो. पॅगोडा चढायचाच असेल तर लंडनचा क्यू गार्डन्समधला. तो सुमारे ५० मीटर उंच आहे, पायऱ्या २५३, आणि हंगामात तिकीट काढून वर जाता येतं. म्युनिकमध्ये उंचावरून बघायचं असेल तर इथून दहा मिनिटांवर मोनोप्टेरोसची टेकडी आहे. तिच्याविषयी पुढे लिहिलं आहे.

तिकीट आणि वेळ?

बागेला तिकीट नाही, फाटक नाही, रात्रंदिवस उघडी असते. बिअर गार्डनचं मात्र हवामानावर अवलंबून. उन्हाळ्यात सकाळी उशिरापासून रात्रीपर्यंत चालू, पावसाच्या दिवशी अर्धे काउंटर बंद. बव्हेरियाचा बिअर गार्डनसाठी १९९९ चा खास नियम आहे: संगीत रात्री १० वाजता थांबतं, १०.३० नंतर खाणंपिणं देत नाहीत आणि ११ ला सगळं बंद. तेव्हा रात्रीच्या जेवणाला साडेनऊला पोचण्यात अर्थ नाही.

कसं पोचायचं?

मारिएनप्लात्स या मुख्य चौकातून उ-बान म्हणजे भुयारी रेल्वेची यू३ किंवा यू६ घ्या, म्युन्शनर फ्रायहाइटच्या दिशेची. तिसरं स्टेशन गिझेलाश्ट्रासे. तिथून ५४ किंवा १५४ नंबरची बस मनोऱ्याजवळ सोडते. थांब्याचं नावच ‘किनेझिशर टुर्म’, त्यामुळे चुकण्याचा संभव कमी. विमानतळावरून येत असाल तर एस१ किंवा एस८ लोकलने मारिएनप्लात्स, सुमारे ४० मिनिटं, आणि तिथून वरचाच रस्ता.

चालायची तयारी असेल तर एक स्टेशन आधी, उनिफेर्सिटेटला उतरा. फेटेरिनेर-श्ट्रासे या रस्त्याने सरळ पूर्वेला गेलं की बाग लागते. डावीकडच्या पायवाटांनी, उजव्या हाताला मोनोप्टेरोसची टेकडी ठेवून, पंधरा-वीस मिनिटांत मनोरा दिसतो. पहिल्यांदा येणाऱ्याने जाताना चालत आणि येताना बस असं करावं. झाडांमधून छपरं एकेक करून वर येताना बघायची मजा बसने येणाऱ्याला मिळत नाही.

तिकिटाबद्दल एक गोष्ट जपा. यंत्रातून काढलेल्या कागदी तिकिटावर शिक्का मारण्याची सूचना असेल तर फलाटाच्या तोंडाशी असलेल्या छोट्या यंत्रात ते घालून शिक्का मारावाच लागतो. खिशात कोरं तिकीट असणं म्हणजे विनातिकीट, आणि दंड ६० युरो. ‘नवीन आहे, माहीत नव्हतं’ हे तपासनीस ऐकत नाहीत. डॉइचलांड-तिकीट, म्हणजे देशभरच्या लोकल वाहतुकीचा मासिक पास, असेल तर वेगळं काही काढू नका.

कोणत्या दिवशी, किती वाजता जावं?

एप्रिल अखेर ते सप्टेंबर हा हंगाम. गर्दीचं गणित साधं आहे: ऊन असलेला शनिवार-रविवार, दुपारी दोन ते सहा, तेव्हा सात हजार जागाही पुरत नाहीत. वाद्यवृंद ऐकायचा असेल तर शनिवार-रविवारच बरा, पण साडेअकरा-बाराला येऊन टेबल धरा. शांतता हवी असेल तर मंगळवार-बुधवार दुपार. २१ जूनच्या आसपास सूर्य रात्री सव्वानऊला मावळतो, त्यामुळे संध्याकाळी सहाला आलात तरी तीन तास उजेड मिळतो. मात्र शहर समुद्रसपाटीपासून पाचशेवीस मीटरवर आहे, ऊन उतरल्यावर भर जुलैतही गारठा येतो. आईबाबांसाठी शाल-स्वेटर सोबत असू द्या.

घरचा डबा खरंच नेता येतो? कुणी हटकणार नाही ना?

खरंच नेता येतो. कुणाची मेहेरबानी म्हणून नव्हे, तो इथला जुना रिवाज आहे आणि नियमातही लिहिलेला आहे. म्युनिकचे बिअरवाले उन्हाळ्यासाठी बिअर जमिनीखालच्या तळघरांत थंड ठेवत आणि वर सावलीसाठी चेस्टनट लावत. चेस्टनट अशासाठी की त्याची पानं मोठी आणि मुळं उथळ, तळघराला धक्का लागत नाही. हळूहळू लोक तिथेच झाडाखाली बसून प्यायला लागले. गावातल्या खानावळवाल्यांनी तक्रार केली, तेव्हा १८१२ मध्ये राजा माक्स पहिला योसेफ याने तोड काढली: तळघरवाल्यांनी बिअर विकावी, जेवण विकू नये. मग लोक जेवण घरून आणू लागले. पुढे तिथेही जेवण मिळू लागलं, पण डबा नेण्याची पद्धत राहिली ती राहिलीच. १९९९ च्या नियमात बिअर गार्डनच्या दोन खुणा सांगितल्या आहेत: झाडांची सावली, आणि स्वतःचं खाणं आणायची मुभा.

पण तीन अटी पाळाव्या लागतात, आणि लोक नेमके यातच चुकतात.

एक, फक्त खाणं आणायचं. पेय तिथूनच घ्यायचं. घरून आणलेली बिअर, कोक किंवा थर्मासमधला चहा टेबलावर ठेवणं वाईट दिसतं आणि कर्मचारी येऊन सांगतातही. तान्ह्या बाळाचं दूध-पाणी याला अपवाद.

दोन, कुठे बसायचं ते बघून बसा. ज्या टेबलांवर कापड घातलंय, सुऱ्या-काटे मांडलेत, मेन्यूकार्ड ठेवलंय, ती वाढप्यांची टेबलं. तिथे डबा उघडायचा नाही. उघडी लाकडी टेबलं आणि बाक दिसतील तो स्वतः आणून खाण्याचा भाग, डबा तिथे. स्थानिक लोक उघड्या टेबलावर घरून आणलेली चादर पसरतात. तुम्हीही न्या. लाकडावर आधीच्यांच्या बिअरचे डाग असतात.

तीन, पेटवापेटवी नाही. शेगडी, गॅस, काहीही नाही. गरम करून द्यायचीही सोय नाही, काउंटरवर विचारू नका.

मग डब्यात काय न्यावं?

थंड झाल्यावर चांगलं लागतं ते. दशम्या, तिखटमिठाच्या पुऱ्या, मेथीचे पराठे, थालीपीठ, कोथिंबीर वडी, बटाट्याची सुकी भाजी, दाण्याची चटणी. भडंग किंवा चिवडा तर टेबलावरच्या अनोळखी शेजाऱ्यांशी ओळख करून देणारी वस्तू आहे, थोडा जास्तच न्या. रस्साभाजी टाळा: बाक डुगडुगतात, डबा कलंडतो, आणि चेस्टनटची पानं-फुलं वरून पडत असतात. कागदी रुमाल, ओला फडका, कचऱ्याची पिशवी सोबत ठेवा.

दोन ठिकाणी घोटाळा होतो. पहिला: रविवारी जर्मनीत दुकानं बंद असतात. ‘जाताना काहीतरी घेऊ’ हे रविवारी जमत नाही. मुख्य रेल्वे स्टेशनातली काही दुकानं तेवढी उघडी मिळतात. खरेदी शनिवारी रात्री आठच्या आत करून ठेवा, बव्हेरियात दुकानं तेव्हाच मिटतात. दुसरा घोटाळा भारतातून येणाऱ्यांचा: युरोपीय संघात बाहेरच्या देशांतून दुधाचे आणि मांसाचे पदार्थ सामानातून आणायला बंदी आहे. पेढे, खवा, पनीर, तूप विमानतळावर काढून घेतात. चिवडा, चकल्या, कोरड्या चटण्या यांना अडचण नाही.

काउंटरवरून घ्यायची पद्धत काय?

पहिल्यांदा गडबड होते, म्हणून क्रमाने सांगतो. आधी टेबल धरा आणि एकाला तिथे बसवा. दुसऱ्याने काउंटरच्या रांगेकडे जायचं. ट्रे उचला. खाण्याचे आणि पेयांचे काउंटर वेगवेगळे असतात. जे हवं ते उचलत किंवा मागत पुढे सरकायचं आणि शेवटी गल्ल्यावर सगळ्याचे एकदम पैसे द्यायचे. मधे कुणी पैसे मागत नाही, त्यामुळे गल्ला टाळून बाहेर पडू नका. कार्ड चालत असलं तरी थोडे रोख युरो असू द्या. गर्दीत यंत्र अडकलं की मागची रांग अस्वस्थ होते.

ग्लासवर अनामत घेतात, तिला प्फांड म्हणतात. पैसे भरल्यावर एक नाणं किंवा टोकन हातात येतं. पिऊन झालं की ग्लास आणि टोकन दोन्ही परतीच्या खिडकीवर द्यायचं, पैसे परत. नुसता ग्लास किंवा नुसतं टोकन दिलं तर काही मिळत नाही. म्हणून टोकन पाकिटात, टेबलावर नको. आणि ग्लास आठवण म्हणून पिशवीत घालणं ही चोरी धरली जाते, अनामत भरली असली तरी.

उठताना ट्रे आणि थाळ्या ठरलेल्या जागी नेऊन ठेवा. कुणी येऊन उचलणार नाही.

शाकाहाऱ्यांना काय मिळतं? काय विचारून घ्यावं?

पोटभर मिळतं, पण काही पदार्थ दिसायला शाकाहारी आणि आतून नसतात. हा भाग नीट वाचा.

निर्धास्त घ्यावं असं: तळलेले बटाट्याचे काप, ताजी भाजी-सलाड, आणि राडी म्हणजे पांढऱ्या मुळ्याचा स्क्रूसारखा कापलेला लांबच लांब काप. मुळ्यावर मीठ घालून पाच मिनिटं ठेवायचं, पाणी सुटलं की खायचा. आपल्या जिभेला लगेच पटतो.

ब्रेत्सन ही खारी, गाठ मारलेली मोठी पाव-कडी. बहुतेक ठिकाणी तेल किंवा लोण्यात करतात, पण जुन्या कृतीत डुकराची चरबी असते. विचारा. ओबात्सदा म्हणजे मुरलेलं कामंबेर चीज, लोणी, कांदा आणि लाल पाप्रिका कालवून केलेलं चरबरीत वाटण, ब्रेत्सनला लावून खायचं. चवीला उत्तम. चीजमधलं रेनेट (दूध साकळवायला वापरतात ते वासराच्या जठरातलं द्रव्य) ज्यांना चालत नाही त्यांनी सोडावं. केझेश्पेट्सले म्हणजे चीज घातलेल्या शेवया, वर तळलेला कांदा. शेवयांत अंडं असतंच. रायबरडाची हे किसलेल्या बटाट्याचे तळलेले घावन, सफरचंदाच्या गोड गरासोबत देतात. यातही बहुधा अंडं.

सावध राहावं असं: बव्हेरियन बटाट्याचं सलाड. दिसायला नुसते बटाट्याचे काप, पण ते पुष्कळदा मांसाच्या सुपात भिजवलेले असतात. आंबवलेल्या कोबीची भाजी चरबीत किंवा डुकराच्या तुकड्यांवर शिजवतात. पावाचे गोळे, ज्यांना क्नोडेल म्हणतात, त्यांत कधी कधी बारीक स्पेक म्हणजे खारवलेलं डुकराचं मांस असतं, आणि वरचा तपकिरी रस्सा मांसाचाच.

काउंटरवर एवढं म्हणा: ‘ओने फ्लाइश, ओने स्पेक, ओने फ्लाइशब्र्यूए?’ म्हणजे मांस नाही, स्पेक नाही, मांसाचं सूप नाही ना? फक्त ‘वेगेटारिश?’ विचारलं तर घाईत सुपाचं कुणाच्या लक्षात येत नाही. अंड्यासाठी ‘ओने आय’.

मांसाहाऱ्यांनी भाजलेली अर्धी कोंबडी घ्यावी. श्टेकर्लफिश म्हणजे काडीला टोचून निखाऱ्यावर भाजलेला अख्खा मासा दिसला तर तो सोडू नका.

आम्ही दारू घेत नाही. तरी बसता येईल?

बिनदिक्कत. आप्फेलशोर्ले म्हणजे सफरचंदाचा रस आणि सोडा, श्पेत्सी म्हणजे कोला आणि संत्रं, लिंबाचं सरबत, कॉफी, सगळं मिळतं. बिनअल्कोहोलची बिअरही असते. मात्र ‘अल्कोहोलफ्राय’ लिहिलेल्या बिअरमध्ये अर्ध्या टक्क्यापर्यंत अल्कोहोल असू शकतं. ज्यांना एक थेंबही नको त्यांनी शोर्ले घ्यावी. साधं पाणी मागितलं तर सोडावालं येतं. ‘श्टिलेस वासर’ म्हणा.

एक ‘मास’ किती होते?

मास म्हणजे बिअरचा मोठा मग, एक लिटरचा. इथे होफब्रॉय या म्युनिकच्या कारखान्याची बिअर मिळते, तिच्यात सुमारे ५.१ टक्के अल्कोहोल. म्हणजे एका मासमध्ये ५१ मिलिलीटर शुद्ध अल्कोहोल. आपल्याकडच्या ३० मिलिलीटरच्या व्हिस्कीच्या पेगात १२-१३ मिलिलीटर असतं, तेव्हा एक मास म्हणजे चार पेग. उन्हात, रिकाम्या पोटी, पाण्यासारखी हलकी लागते म्हणून दुसरी घेणारे फसतात. सवय नसेल तर राडलर घ्या: निम्मी बिअर, निम्मं लिंबाचं सरबत.

ग्लासवर लिटरची रेघ असते. बिअर फेसाखाली, रेघेच्या बरीच खाली राहिली तर शांतपणे ‘बिटे नाखशेंकन’ म्हणा, भरून देतात. तसं मागणं इथे कुणी उद्धट मानत नाही. भरलेला काचेचा मग सव्वादोन किलोच्या आसपास भरतो, मुलांच्या हातात देऊ नका. सायकलवर आला असाल तर रक्तात १.६ प्रति हजार अल्कोहोल हा सायकलस्वारालाही गुन्हा आहे, आणि तोल जात असेल तर ०.३ वरही कारवाई होते. गाडीसाठी मर्यादा ०.५, नवशिक्या चालकांना शून्य.

रिकामं टेबल नाही. काय करायचं?

बसलेल्यांच्या टेबलावर बसायचं. बाक लांब आहेत, एका टेबलावर आठ-दहा जण मावतात, आणि अनोळखी माणसांनी एकत्र बसणं हीच इथली रीत. ‘इस्ट हिअर नोख फ्राय?’, म्हणजे इथे जागा आहे का, एवढं विचारा. बहुधा मान हलवून सरकतात. श्टामटिश अशी पाटी असलेलं टेबल मात्र नेहमीच्या मंडळींचं असतं, रिकामं असलं तरी तिथे बसू नका. ग्लास टेकवताना समोरच्याच्या डोळ्यांत बघून ‘प्रोस्ट’ म्हणायचं. शोर्लेचा ग्लास असला तरीही.

कोखर्लबाल म्हणजे काय? त्यासाठी मुद्दाम यावं का?

यावं. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस म्युनिकच्या श्रीमंत घरांतले स्वयंपाकी, मोलकरणी, दाया आणि नोकर उन्हाळ्यातल्या रविवारी पहाटे इथे नाचायला जमत. वेळ पहाटे पाच ते आठ, कारण त्यानंतर मालकांची न्याहारी आणि चर्च. कोखर्ल म्हणजे स्वयंपाक करणारी. १९०४ मध्ये शिस्त आणि सभ्यतेचं कारण सांगून सरकारने हा नाच बंद केला. १९८९ मध्ये बागेला दोनशे वर्षं झाली तेव्हा तो पुन्हा सुरू झाला.

आता तो जुलैच्या तिसऱ्या रविवारी सकाळी सहा ते दहा भरतो, आणि दहा हजारांहून जास्त लोक येतात. वॉल्ट्झ, पोल्का, आणि ‘म्युन्शनर फ्राँसेझ’ हा रांगांचा नाच. नाचाची पावलं येत नसतील तर नाच शिकवणारे मंचावरून सांगत असतात, आणि आधीच्या आठवड्यांत सरावही होतात. टेबल हवं असेल तर चार-साडेचारला पोचावं लागतं. लोक अंधारात मेणबत्त्या, चादरी आणि न्याहारी घेऊन येतात. बरेच जण बव्हेरियन वेशात, काही जुन्या काळच्या नोकरांच्या वेशात. नऊवारी किंवा धोतरात गेलात तर कौतुकच होईल. ज्यांच्या कष्टांवर घरं चालत त्यांचा हा नाच, त्यात पाहुण्यांना परकं वाटत नाही. जोराचा पाऊस असेल तर रद्द होतो, आदल्या दिवशी खात्री करा.

लहान मुलांना काय आहे?

मनोऱ्याजवळ खेळायची जागा आहे, आणि १९१३ सालचं लाकडी मेरी-गो-राउंड. घोड्यांखेरीज इतर प्राणी-पक्षीही आहेत, सगळे कोरीव आणि रंगवलेले. चांगल्या हवेत दुपारी चालू असतं, फेरीचे पैसे वेगळे.

सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये झाडाखाली तपकिरी चेस्टनट पडतात, मुलं खिसे भरून गोळा करतात. खेळायला ठीक, खायला नाही. हे हॉर्स चेस्टनट आहेत, पोटात गेले तर उलट्या-जुलाब होतात. बाजारात भाजून मिळतात ते वेगळ्या झाडाचे.

आजी-आजोबा, व्हीलचेअर, बाबागाडी?

जमीन सपाट आहे, पण खडीची. बाबागाडीची छोटी चाकं रुततात. बसच्या थांब्यापासून अंतर थोडं आहे. बाकांना पाठ नसते, हे ज्येष्ठांसाठी महत्त्वाचं. पाठ टेकवायची असेल तर वाढप्यांच्या भागात बसा आणि डबा बाजूला ठेवा. स्वच्छतागृह आहे, सुटी नाणी जवळ ठेवा.

गांधीलमाश्या आणि गोचिडी?

ऑगस्ट अखेर ते सप्टेंबर गांधीलमाश्या गोड पेयांवर झुंबड करतात. ग्लासवर पुठ्ठ्याची चकती ठेवा. शोर्ले किंवा श्पेत्सी पिताना ग्लासात आधी बघा, घशात डंख बसला तर सूज येऊन श्वास अडतो. तसं झालं तर ११२ ला फोन, वाट बघायची नाही. उंच गवतात बसलात तर घरी जाऊन गुडघ्यामागे, काखेत, केसांत गोचीड बघा. बव्हेरियात त्यांच्यातून मेंदूज्वराचा एक प्रकार पसरतो. इथे राहणाऱ्यांनी त्याची लस घेतलेली बरी.

आसपास आणखी काय?

दक्षिणेला मोनोप्टेरोस, १८३६ मध्ये लेओ फॉन क्लेंत्सेने बांधलेलं ग्रीक धाटणीचं गोल मंडप-मंदिर. टेकडी मुद्दाम रचलेली. वरून फ्राउएनकिर्शेचे दोन कांद्याच्या आकाराचे मनोरे दिसतात. सूर्यास्ताला गर्दी असते. उत्तरेला क्लाइनहेसेलोअर तळं, तिथे होड्या भाड्याने मिळतात. दक्षिण टोकाला १९७२ च्या ऑलिंपिकच्या वेळचं जपानी चहागृह.

दोन सूचना. आइसबाख हा ओढा उथळ आणि सुंदर दिसतो, पण प्रवाह जोराचा आणि पाणी बर्फासारखं. पोहायला मनाई आहे, लोक उड्या मारताना दिसले तरी. आणि मोनोप्टेरोसच्या खालच्या शोनफेल्ड कुरणावर काही जण विवस्त्र ऊन खात बसतात. तिथे ते चालतं. मोठ्यांना आधी सांगून ठेवा, आणि तिकडे कॅमेरा वळवू नका. ड्रोनला बागेत कुठेच परवानगी नाही.

आलो आणि पाऊस लागला तर?

जुलै-ऑगस्टमध्ये दुपारनंतर वादळी सरी येतात. विजा चमकायला लागल्या की झाडाखालून उठा, चेस्टनटच्या फांद्या वाऱ्यात तुटतात. शेजारच्या पक्क्या रेस्टॉरंटमध्ये आसरा मिळतो. सर अर्ध्या तासात सरते, त्यानंतर टेबलं ओली पण रिकामी असतात. ती पुसायला जुना पंचा नेलेला असावा.

हिवाळ्यात जाण्यात अर्थ आहे का?

नोव्हेंबरच्या अखेरीपासून नाताळाच्या आधीपर्यंत मनोऱ्याभोवती नाताळचा बाजार भरतो. मसाल्याची गरम वाइन, मुलांसाठी किंडरपुन्श म्हणजे फळांच्या रसाचं बिनदारूचं गरम पेय, हस्तकलेच्या टपऱ्या, आणि बर्फावर दांडीचं वजन सरकवण्याचा आइसश्टॉक हा खेळ. मारिएनप्लात्सच्या बाजारापेक्षा इथे मोकळीक जास्त. कपावर इथेही अनामत असते. डिसेंबरमध्ये साडेचारच्या आत सूर्य मावळतो, दिवे लागल्यावर या. बर्फ पडलेलं असेल तर खाच असलेल्या तळाचे बूट घाला, खडी गोठून निसरडी होते. जानेवारी-फेब्रुवारीत मनोरा बघता येतो, पण बहुतेक काउंटर बंद असतात. तेव्हा आलात तर जेवण आधी उरकून या.